वाचनालयातला पेपर बंद करू का?

पत्राचा गोषवारा: देवगड तालुक्यातल्या एका गावातले निवृत्त प्राथमिक शिक्षक लिहितात. गेली बरीच वर्षं ते गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे कार्यवाह आहेत. निवडणूक जाहीर झाल्यावर मुंबईच्या एका दैनिकात कोकणावर पानभर लेख आला. ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालून प्रचाराचा नारळ फोडणं, कौल लावून देवाला होकार-नकार विचारणं, या सगळ्याची त्यात टर उडवली होती. इथला मतदार बुद्धी देवळाच्या पायरीवर ठेवून मतदानाला जातो, असा त्याचा एकूण सूर होता. गाव संतापलं आहे. "ह्यो पेपर आमच्या विरोधात लिवता, तो कित्याक घेतास?" असं सभासद विचारतात. त्यातच तालुक्यातल्या एका इच्छुक उमेदवाराच्या माणसाने निरोप आणला. वाचनालयाच्या गळक्या छपराचा खर्च, मोठा टीव्ही आणि 'आपल्या विचारांचा' पेपर दोन वर्षं फुकट देऊ, त्या मुंबईच्या पेपरला तेवढा रामराम करा. कार्यकारिणीत तसा ठराव येणार आहे आणि त्यावर सही गुरुजींची लागेल. त्या दैनिकाचा गावातला वार्ताहर गुरुजींचाच जुना विद्यार्थी आहे आणि लोकांनी त्याच्याशी बोलणं टाकलं आहे. गुरुजी विचारतात, "मी देवधर्म, रीतिरिवाज मानणारा माणूस. माध्यमांचा कल आमच्या विरोधात आहे, हे मला दिसतं. तरुण पोरांची मतं हे लोक फिरवतात. मग सही करायला माझा हात का अडखळतो?"

गुरुजी, सप्रेम नमस्कार.

तुमचा राग रास्त आहे. त्यावर पाणी ओतण्यासाठी मी लिहीत नाही. मीही घरच्या देव्हाऱ्यासमोर हात जोडून दिवस सुरू करणाऱ्यांतली आहे. शिमग्याला पालखी घरी येते तेव्हा अंगणात सडा घालणाऱ्यांतली आहे. पालखीची बातमी मोठ्या पेपरात कधी येते, तर मानपानावरून वाद झाला तर. चाकरमानी रात्रभर प्रवास करून येतात, घरटी वर्गणी निघते, वर्षभर न बोललेले भाऊ एका खांद्याखाली येतात, याला दोन ओळीही मिळत नाहीत. निवडणूक आली की मुंबईहून गाडी येते, समुद्र मागे धरून कॅमेरा लावला जातो, नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर चौघांना विचारलं जातं आणि संध्याकाळी 'कोकणचा मूड' सांगितला जातो. आंबा-काजूच्या पीकविम्याचे पैसे, मोठ्या पर्ससीन जाळ्यांनी आणि एलईडीच्या उजेडात होणारी मासेमारी, बंद पडत चाललेल्या वाड्यांतल्या शाळा हे विषय आतल्या पानाच्या तळाशी जातात. दोन पुढाऱ्यांनी एकमेकांना दिलेल्या शिव्या मात्र पहिल्या पानावर येतात. हा कलच आहे, आणि तो नुसता एका पक्षाच्या बाजूचा नाही. शहराचा गावाकडे, शिकलेल्याचा श्रद्धा ठेवणाऱ्याकडे बघायचा तो कल आहे. तुम्हाला तो बोचला, कारण तुम्ही आयुष्यभर शिकवलं आणि गाऱ्हाण्यालाही उभे राहिलात. त्या लेखाच्या मते या दोन गोष्टी एका माणसात राहूच शकत नाहीत.

पण पत्रात तुम्ही तीन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. त्या एकेक करून तपासू या.

पहिली, पेपर तरुणांची मतं फिरवतात. आपल्या दक्षिण कोकणचाच इतिहास बघा. जुन्या राजापूर लोकसभा मतदारसंघाने १९५७ पासून बॅरिस्टर नाथ पैंना निवडून दिलं आणि १९७१ पासून सलग पाच वेळा प्रा. मधू दंडवते यांना. दोघेही समाजवादी. आणि त्यांना मतं कोणी दिली? कौल लावणाऱ्या, जत्रेला ओटी भरणाऱ्या, रात्रभर दशावतार बघणाऱ्या माणसांनी. देवळात गेलो म्हणून मत कुणाला द्यायचं ते ठरलं, असं इथे कधीच नव्हतं. गाऱ्हाण्यात सगळ्या गावाचं भलं मागितलं जातं. नारळ तर प्रत्येक पक्षाचा उमेदवार त्याच देवळात फोडतो. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली आणि वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. आकाशवाणी सरकारच्याच हातात होती. दंडवते स्वतः तुरुंगात होते. इतका एकतर्फी प्रचार होऊनही १९७७ मध्ये राजापूरने त्यांनाच निवडून दिलं आणि देशाने सरकार बदललं. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर १९८४ मध्ये आलेल्या काँग्रेसच्या लाटेतही त्यांची जागा राहिली. अलीकडचं बघा. २००४ च्या बहुतेक मतदानोत्तर चाचण्या वाजपेयींची आघाडी सगळ्यांत पुढे राहील असं सांगत होत्या, पण त्यांचं सरकार परत आलं नाही. २०२४ मध्ये बहुतेक चाचण्यांनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या वर जागा दिल्या होत्या, मिळाल्या २९३.

म्हणून ज्या लेखाने तुम्हाला दुखावलं तो मुळातच चुकीचा होता. तो खोडायला तुमच्याकडे हा इतिहास आहे. पण त्याच इतिहासावरून तुमचंही गृहीतक कोसळतं. तुमच्या गावाची अक्कल पेपरवाल्याला दिसली नाही. ठरावाच्या भरात ती कार्यकारिणीलाही दिसेनाशी झाली आहे. पोरं एक लेख वाचून फिरतील, असं ती मानते आहे. आणि पोरं पेपर वाचतात तरी कुठे? ती मोबाइल बघतात. तुम्ही टेबलावरचा पेपर काढलात, तरी रात्री अकराला वाडीच्या ग्रुपवर कापून जोडलेलं भाषण यायचं ते येणारच. त्यावर ना संपादकाचं नाव, ना मुद्रकाचं. निदान पेपरवर पत्ता असतो, त्याला जाब विचारता येतो.

दुसरं गृहीतक असं की पेपरने बाजू घेतली म्हणजे तो पेपर बिघडला. यावर जरा थांबून बोलावंसं वाटतं, कारण आपल्या मराठी पत्रकारितेची मुळं तुमच्याच तालुक्यात आहेत. पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' काढलं. म्हणून तो दिवस आपण पत्रकार दिन म्हणून पाळतो. पुढे १८८१ मध्ये 'केसरी' निघाला. रत्नागिरीत जन्मलेले टिळक त्याच्या संस्थापकांपैकी, आणि पहिले संपादक आगरकर. सामाजिक सुधारणांवर दोघांचं पटेना, तेव्हा आगरकर बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला. मुलींच्या शरीरसंबंधाचं किमान वय वाढवणाऱ्या संमतिवयाच्या बिलावर १८९१ मध्ये टिळकांनी विरोधाची भूमिका घेतली आणि सुधारकांनी बाजूची. दोघांनीही आपली बाजू झाकली नाही. 'केसरी' हातात घेणाऱ्याला माहीत होतं की हा टिळकांचा आवाज आहे. माझ्यासारख्या परंपरा मानणाऱ्या बाईला आज टिळकांचं काही पटतं, आगरकरांचंही पुष्कळ पटतं, आणि ते ठरवता येतं, कारण दोघांनी लपवाछपवी केली नाही.

तेव्हा उघड बाजू घेणाऱ्या पेपरचं मला भय वाटत नाही. पक्षाचं मुखपत्र मुखपत्र म्हणून विकलं जात असेल, तर वाचणारा त्यातलं काय घ्यायचं ते घेतो. भय वाटतं ते बातमीच्या कपड्यात आलेल्या जाहिरातीचं. इथेच तुमचं तिसरं गृहीतक येतं, आणि ते सगळ्यांत धोक्याचं आहे. ते असं की तो पेपर कललेला आणि फुकट येणारा हा स्वच्छ, कारण तो आपल्या विचारांचा.

२००९ ची विधानसभा निवडणूक आठवा. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांचं कौतुक करणारा एकच मजकूर शब्दशः छापून आला. पानंच्या पानं स्तुतीची होती, आणि त्यांच्या निवडणूक खर्चाच्या हिशेबात वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींचा खर्च दाखवला होता ५,३७९ रुपये. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते प्रकरण उघड केलं. निवडणूक आयोगाने कारवाई सुरू केली, ती बरीच वर्षं चालली आणि २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला. न्यायालयाचा निकाल आपण मानायचा. पण तोच मजकूर वेगवेगळ्या पेपरांत कसा आला, हा प्रश्न वाचकाच्या मनातून जायला नको. पुढे उत्तर प्रदेशातल्या एका आमदार बाईंना पेड न्यूजचा, म्हणजे पैसे देऊन बातमी म्हणून छापून आणलेल्या मजकुराचा, खर्च हिशेबात न दाखवल्याबद्दल आयोगाने २०११ मध्ये अपात्र ठरवलं. भारतीय प्रेस परिषदेच्या उपसमितीने २०१० मध्ये या धंद्यावर अहवाल लिहिला, तर तो पूर्णपणे बाहेर यायलाही माहिती अधिकाराची लढाई लागली.

हे का होतं, तेही बघा. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपये खर्चाची मर्यादा आहे. उघड जाहिरात दिली तर ती हिशेबात धरावी लागते आणि वाचणाराही तिला जाहिरात म्हणूनच वाचतो. बातमी म्हणून छापून आणली तर पैसा हिशेबात दिसत नाही आणि वाचणारा विश्वास ठेवतो. छोट्या पेपरची गोष्ट आणखी अवघड. त्याची विक्री थोडी, कागद महाग. सरकारी जाहिराती आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या पुरवण्या यांवर त्याचं वर्ष निघतं. तालुक्याच्या वार्ताहराला पगार म्हणावा असं काही नसतं. त्याने जाहिरात आणली तर त्यातलं कमिशन मिळतं. म्हणजे ज्याच्याविरुद्ध बातमी लिहायची, त्याच्याच दारात वाढदिवसाच्या पुरवणीसाठी उभं राहायचं.

तुमच्या विद्यार्थ्याकडे या नजरेने एकदा बघा. तो लेख त्याने लिहिलेला नाही, मुंबईहून आलेल्या माणसाने लिहिला, असं तुमच्याच पत्रात आहे. राजापुरात फेब्रुवारी २०२३ मध्ये शशिकांत वारिशे या पत्रकाराच्या दुचाकीला गाडीने धडक दिली आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. तिथल्या प्रस्तावित तेल रिफायनरीच्या वादातल्या एका माणसाबद्दलची त्यांची बातमी धडकेच्या दिवशीच छापून आली होती. त्याच माणसावर खुनाचा गुन्हा दाखल झाला. रिफायनरी हवी की नको, यावर कोकणात घरोघरी दोन मतं आहेत आणि असू देत. पण खरी किंमत मोजणारा माणूस तालुक्याच्या ठिकाणी राहतो, स्टुडिओत नाही. 'मीडिया' म्हणून आपण ज्याच्यावर रागावतो तो हाती लागत नाही. मग गावातलाच पोरगा सापडतो आणि त्याच्याशी बोलणं टाकलं जातं. याने मुंबईच्या त्या लेखकाचं काहीही वाकडं होत नाही.

आता तुमचा हात का अडखळतो त्याबद्दल. मला वाटतं, तुम्हाला उत्तर माहीत आहे. पेपर बंद करणं आणि छप्पर मिळणं हे दोन वेगळे ठराव नाहीत, एकच व्यवहार आहे. एका लेखावर नाराज होऊन सभासदांनी वर्गणी थांबवली असती, तर तो त्यांचा हक्क होता. मी नुसतं म्हटलं असतं की रागात ठरवू नका. पण इथे एक इच्छुक उमेदवार छपराच्या बदल्यात तुमच्या टेबलावर कोणता पेपर असावा ते ठरवतो आहे. आज पेपर, उद्या कुठली पुस्तकं यावीत, परवा कार्यवाह कोण असावा. रूढी, संस्था, वडीलधाऱ्यांनी घालून दिलेली घडी जपावी असं मानणाऱ्या माणसाने याला सगळ्यांत आधी विरोध करायला हवा. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासून उभं आहे. तेव्हापासून राज्यं बदलली, पक्ष आले नि गेले. वाचनालय टिकतं ते कुणा एकाचं न झाल्यामुळे.

कायद्याचंही ऐकून ठेवा. मतासाठी मतदाराला पैसा, वस्तू किंवा भेट देऊ करणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे भ्रष्ट आचार ठरतो. आचारसंहितेच्या काळात उमेदवाराकडून संस्थेला आलेलं छप्पर त्या चौकशीत ओढलं जाऊ शकतं, आणि तेव्हा कागदावर सही तुमची असेल.

मग करायचं काय? रिकाम्या हाताने बैठकीला जाऊ नका. स्वतःचा ठराव लिहून न्या. मसुदा असा असू शकतो: 'निवडणूक जाहीर झाल्यापासून निकाल लागेपर्यंत वाचनालयात कोणतंही नियतकालिक नव्याने सुरू किंवा बंद केलं जाणार नाही, आणि या काळात कोणत्याही उमेदवाराकडून अथवा पक्षाकडून देणगी स्वीकारली जाणार नाही.' यात कुणाचं नाव नाही, कुणाला नकार दिल्यासारखं होत नाही. छप्पर देऊ करणाऱ्याला सांगा की निकालानंतर या, हरलात तरी या, रीतसर पावती देऊ, फक्त पाटी लावणार नाही आणि अट घेणार नाही. त्याला खरंच वाचनालयाचं भलं हवं असेल तर तो येईल. नाही आला तर गावच्या मुंबईतल्या चाकरमान्यांच्या मंडळाला पत्र लिहा. गळतं छप्पर चाकरमान्यांच्या वर्गणीतून दुरुस्त केलेल्या शाळा आणि देवळं आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत.

रविवारी सकाळी टेबलावर दोन पेपर शेजारी ठेवा. हा आणि तो. सभेची एकच बातमी दोघांत शोधा आणि पोरांना मोठ्याने वाचायला लावा. गर्दीचा आकडा कुणी दिला, पोलिसांनी की पक्षाने? कोणाचं वाक्य मथळ्यात घेतलं? विरोधी बाजूला विचारलं का? बातमीखाली वार्ताहराचं नाव आहे का? दोन्हीकडे वाक्यंच्या वाक्यं सारखी आली, उमेदवाराचा फोटो मोठा आणि प्रश्न एकही नाही, तर ते कात्रण बाजूला काढा. एक कोपरा छोट्या अक्षरांत 'जाहिरात' म्हणतो का, तेही बघायला शिकवा. तुम्ही आयुष्यभर वर्गात जे केलंत तेच हे. दोन-तीन रविवारांत पोरं तुमच्या आधी पेड न्यूज ओळखू लागतील, मग ती तुमच्या आवडत्या पेपरातली का असेना. तीही मान्य करायची तयारी ठेवा.

असं कात्रण सापडलं तर विधानसभा-लोकसभेच्या वेळी ते जिल्हाधिकारी कार्यालयातल्या माध्यम प्रमाणन आणि संनियंत्रण समितीकडे तारीख, पान आणि पेपरचं नाव लिहून पाठवता येतं. समितीला तो मजकूर पेड न्यूज वाटला, तर उमेदवाराला खुलासा करावा लागतो आणि खर्च त्याच्या हिशेबात धरला जातो. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत टीव्हीवर प्रचाराचा मजकूर दाखवायला बंदी आहे, पण मोबाइलवर खरा पूर त्याच दोन दिवसांत येतो. त्या दोन दिवसांत आलेलं काहीही पुढे पाठवू नका, असं वाडीच्या ग्रुपवर तुम्ही लिहिलंत तर लोक ऐकतील. गावात अजून गुरुजींचा शब्द चालतो. हातात पत्रक आलं तर त्यावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता आहे का ते बघा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-क ने ते बंधनकारक आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी हाच वाद वेगळ्या रूपात चालू आहे. वडील एक वाहिनी लावतात, मुलगा मुंबईहून दुसरी बाजू फॉरवर्ड करतो आणि गणपतीत आरतीनंतर भांडण होतं. तिथेही हीच गोष्ट: रिमोट काढून घेऊ नका. दोन्ही बाजूंचं एकत्र बघा आणि जेवायच्या पानावर विषय काढू नका. निवडणूक संपते, घर राहतं. बहिणीने दुसऱ्या चिन्हाला मत दिलं म्हणून तिची भाऊबीज कुणी थांबवत नाही, ती रीत आपल्या थोरांनी फार विचार करून घातली आहे.

राहिला तो लेख. तो गिळून टाकू नका. संपादकांना पत्र लिहा, पण शिव्यांशिवाय. लेखातली दोन वाक्यं तारीख आणि पान देऊन उतरवा, त्यातली चूक काय ते सांगा, राजापूर मतदारसंघाचा वर सांगितलेला इतिहास द्या आणि गाऱ्हाण्यात नेमकं काय मागतात ते तुमच्या भाषेत लिहा. पत्र छापावं किंवा दुरुस्ती द्यावी अशी मागणी करा. पत्रावर सही सगळ्या कार्यकारिणीची घ्या, म्हणजे रागाला वाट मिळेल. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर भारतीय प्रेस परिषदेकडे तक्रार करता येते. परिषद दंड करत नाही, ताशेरे ओढते. पण मोठ्या पेपरला आपल्या नावावर ताशेरा नको असतो. संपादकांना आधी लिहिलं होतं हे तिथे दाखवावं लागतं.

पत्राचा मसुदा लिहायला तुमच्या त्या विद्यार्थ्यालाच घरी बोलवा. पेपरची भाषा त्याला कळते, गावाची तुम्हाला. दैनिकातल्या मजकुराबद्दल तक्रारीची मुदत छापल्या तारखेपासून दोन महिने असते, तेव्हा संपादकांना लिहिलेलं पत्र या आठवड्यातच स्पीड पोस्टाने टाका आणि पोच जपून ठेवा.